जर्मनीत परभणी लागली नाही

मामा,

तुमच्या शोकसभेला पोस्टर होतं. आधी हेच सांगून टाकते, कारण बाकी सगळं मी त्याच्याच रागात लिहायला बसले आहे. चर्चमागच्या ज्या हॉलमध्ये आपलं मंडळ गणपती बसवतं, तिथल्या फळ्यावर तुमचा फोटो लावला होता. तुमच्या भाच्याच्या, शिरीषच्या पन्नाशीच्या पार्टीतला. त्यातून तुमच्या हातातला बिअरचा ग्लास कापून टाकल्यामुळे तुम्ही हवेत मूठ धरून कुणालातरी दम देताय असं दिसत होतं. डोक्यावर कॉम्प्युटरने चढवलेले हेडफोन, गुलाबी. मागे एक टॉवर आणि त्यातून निघणारी वर्तुळं. आणि सगळ्यांत वर, लग्नाच्या बॅनरला शोभेल अशा अक्षरांत: "जगात जर्मनी, जर्मनीत परभणी!"

भाचेसून म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आली ती शिसारी.

तुम्ही परभणीचे आणि जन्म काढलात जर्मनीत, म्हणजे 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण तुमच्या कपाळी ठरलेलीच होती. जो भेटायचा तो ती आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्याच्या थाटात तुमच्या अंगावर टाकायचा. दुधात झुरळ पडल्यासारखा तुमचा चेहरा व्हायचा. "हसून घ्या," तुम्ही म्हणायचात, "तोवर मी थांबतो." आणि खरंच थांबायचात. माणूस ओशाळून हसणं बंद करेपर्यंत.

पोस्टरवर खालीही मजकूर होता. "मातृभूमीच्या ओढीने रेडिओला कान लावून बसलेल्या या परदेशस्थ सुपुत्राने अखेरच्या हिवाळ्यात परभणी केंद्र फास्ट पकडलं आणि ते कृतार्थ झाले." कृतार्थ! तुम्ही! गिझेलामामींच्या बटाट्याच्या सॅलडने जो माणूस इतक्या वर्षांत कृतार्थ झाला नाही, तो असा एका ओळीत?

हे पोस्टर परागचं. आपल्या मंडळाचा सेक्रेटरी, वाईट मुलगा नाही. बिचारा कामावरून येऊन रात्री जागून हे करतो, म्हणून तर त्याला कुणी काही बोलत नाही. मीही बोलले नव्हते. पण खुर्चीत बसल्या बसल्या मला कळलं की कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव आहे. "वर्षावहिनी: त्या ऐतिहासिक क्षणाच्या साक्षीदार."

शेजारी म्युनिकहून नव्याने आलेल्या एक बाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे नक्की करायचे काय हो ते? काही ॲप होतं का?"

मी म्हटलं, "ॲप नव्हतं. मिडियम वेव्हचा जुना रेडिओ. त्याच्या लाटा दिवसा फार लांब जात नाहीत. सूर्य बुडाला की आकाशाला आपटून देशोदेशी जातात. मग मामा माळ्यावरच्या खोलीत बसून लांबचं, अशक्त स्टेशन शोधायचे. कुठलं आहे ते ओळखायचे. ओळख पटली, तर लागलं."

"मग ऐकायचे?"

"नाही. मग पुढचं शोधायचे."

"पण हल्ली इंटरनेटवर सगळी स्टेशनं अगदी क्लिअर..."

तुमच्या वतीने मी डोळे मिटले. यावरचं तुमचं उत्तर मला पाठ आहे: "बाजारात बोरं मिळतात म्हणून कुणी झाडाला दगड मारायचं सोडतं का?" पण शोकसभेत ते बरं दिसलं नसतं.

ओढ म्हणे. अहो, तुम्ही अल्जीरिया ऐकायचात, इराण ऐकायचात, स्पेनमधल्या फुटबॉलवरचा आरडाओरडा ऐकायचात. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारलं की कधी आपल्याकडचं एखादं मोठं केंद्र वर यायचं आणि त्यावर सुरेल भावगीत चाललेलं असायचं. तेव्हा शिरीष भारावून "राहू द्या ना मामा" म्हणायचा आणि तुम्ही ओळख पटल्याबरोबर अँटेनाची ती तार गुंडाळलेली लाकडी चौकट बोटभर फिरवून ते गाणं पुसून टाकायचात. का, तर त्याच्या खाली आणखी कोण आहे ते बघायला! त्या चौकटीचा हाच उपयोग होता. एका दिशेचा आवाज मारायचा, दुसऱ्या दिशेचा वर काढायचा. मामींनी एकदा तिच्यावर मोजे वाळत घातले होते. दोन दिवस अबोला होता घरात.

"मग परभणीच कशाला हवीय?" मी विचारलं होतं.

"अवघड आहे म्हणून. लहान केंद्र आहे, ताकद कमी. मुंबई काय, कुणालाही लागते."

"एवढंच?"

"एवढंच. त्यात मसाला घालू नकोस, वर्षाबाई."

मला ते पूर्ण पटलं नव्हतं, मामा. आजही पटलेलं नाही. अर्धं आयुष्य इथल्या श्वाबेन जर्मनांत काढूनही तुमच्या तोंडातलं 'करायलंय, बोलायलंय' गेलं नव्हतं. रेडिओपुढे बसलात की ते जास्तच यायचं. पण तुम्ही कबूल केलं नाहीत, आणि तुम्ही कबूल न केलेली गोष्ट चार इंच अक्षरांत छापायचा हक्क मला नाही, तर परागला कुठून आला?

खरं सांगायचं तर माझा हा सगळा तिटकारा उसना आहे, तुमच्याकडून आलेला. त्यातही तुमची शिस्त होती. ढगांत कुठेतरी हजार मैलांवर वीज चमकली की रेडिओत जी खरखर होते, तिला तुम्ही मान द्यायचात. "ही स्वच्छ आहे," म्हणायचात. आणि चार्जर, दिवे, वायफाय यांच्यातून जी अखंड भुणभुण यायची ती सांडपाणी. "गटार सोडलंय यांनी आभाळात," तुम्ही नाकाला रुमाल लावल्यासारखा चेहरा करून म्हणायचात. मी माळ्यावर यायला निघाले की तुम्ही दारातच अडवायचात. "चपला राहू दे. घड्याळ काढ." माझं ते पावलं मोजणारं घड्याळ, फोन, एकदा तर गरम होणारा शेकायचा पट्टा, सगळं जिन्याखालच्या टोपलीत. देवळात गेल्यासारखं. फरक इतकाच, की तुमच्याकडे बाहेर पडताना प्रसादाऐवजी शिव्या मिळायच्या. त्या शेजाऱ्याला, ज्याने बाल्कनीत सोलर पॅनल टांगलं होतं.

पॅनलचं बरं होतं, सूर्य बुडाला की गप्प व्हायचं. पण डिसेंबरात तेवढ्यात गल्लीभर नाताळच्या माळा पेटायच्या. आणि त्यातली सर्वांत मोठी भुणभुण तुमच्याच घरातून यायची: मामींचा खिडकीतला दिव्याचा कागदी तारा.

"नाताळ वर्षातून एकदा येतो," मामी खालून ओरडायच्या.

"परभणी एकदाही आलेली नाही!" तुम्ही वरून.

शेवटी तह झाला. अंधार पडल्यापासून जेवणाच्या हाकेपर्यंत तारा बंद. मामींना तुमचा तो सगळा उद्योग म्हणजे 'क्राख', नुसता गोंगाट. पण तह त्यांनी पाळला.

आपलंही एक भांडण होतं, आणि ते अर्धवटच राहिलं. मी गोष्टी सांगते. घरात कुणाची फजिती झाली की ती माझ्याकडे येते आणि माझ्याकडून जाताना अंगाने भरलेली असते. तुम्हाला ते सोसायचं नाही. "तुझ्या गोष्टीत सिग्नल किती आणि भुणभुण किती?" भर जेवणात विचारायचात. मी म्हणायचे, मामा, लोकांना बरं वाटतं. तुम्ही म्हणायचात, "लोकांना बरं वाटायला साखर आहे की." मी म्हणायचे, तुमच्या त्या खरखरीने कुणाला बरं वाटलंय? मग तुम्ही उठून जायचात. या खेपेला उत्तर न देता फारच लांब गेलात.

तर तो डिसेंबर. तारा बंद होता, शेजाऱ्याचं पॅनल निजलं होतं, मी टोपलीत सगळं टाकून वर आले होते. तुम्ही मला दुसरा हेडफोन दिलात. आत स्पेन बडबडत होता. तुम्ही चौकट फिरवत फिरवत त्याला पातळ केलंत.

"ऐकायलीस का?"

"काय?"

"उगी बस."

मी उगी बसले. खूप वेळ फक्त खरखर. मग तिच्या तळातून, आडात खोल कुणीतरी बोलावं तसा, एक आवाज वर आला.

"बाई बोलायलीय," तुम्ही पुटपुटलात.

बोलत होती. वर यायची, बुडायची. तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मग ती गेली ती गेलीच, तिच्या जागी पुन्हा स्पेन. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"कोणती भाषा?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझं सोड. मला तीच पाहिजे होती. ज्याला पाहिजे असतं त्याला ऐकू येतंच. तुला नको होती, म्हणून तुला विचारायलोय."

घरच्या सुनेला अशा वेळी काय म्हणायचं ते कुणी शिकवावं लागत नाही. हो मामा, मराठीच. चटकन म्हणता आलं असतं. पण तुम्ही असं विचारलंत, की जणू मी मोजायचं यंत्र आहे. एवढा मान मला त्या घरात कुणी दिला नव्हता.

"नाही सांगता येत," मी म्हटलं.

"एखादा शब्द?"

"नाही."

"एक तरी?"

"मामा, नाही."

"मग नाही लागली," तुम्ही म्हणालात, आणि हेडफोन काढून ठेवलात. खाली मामींनी ब्रेड कापता कापता विचारलं, मिळालं का तुझं गाव? तुम्ही चीज उचलत म्हणालात, "फास्ट."

आता या 'फास्ट'चं पुढे काय झालं ते ऐका, कारण ते तुम्ही गेल्यावर झालं. परागने मामींना फोन केला. मामांची एखादी आठवण सांगा, म्हणाला. मामींचं इंग्रजी यथातथा, परागचं जर्मन अजून क्लासात बसलेलं. मामी म्हणाल्या, "एर हाट फास्ट परभणी गेह्योर्ट." जर्मनमध्ये फास्ट म्हणजे जवळजवळ. त्याला जवळजवळ परभणी ऐकू आली होती. परागने ऐकलं, त्याने परभणी फास्ट ऐकली. म्हणजे एकदम! फटाफट! सुपरफास्ट! आणि तसंच छापलं. नशीब, मामांनी परभणीसाठी उपास धरला होता असं नाही छापलं.

सभा सुरू झाली. दोघे बोलले, दोघांनीही 'नाळ' हा शब्द वापरला. तुमच्या आयुष्यात जेवढी नाळ निघाली नसेल तेवढी तिथे वीस मिनिटांत निघाली. एकाने तुमच्या रेडिओबद्दल विचारणाही केली. विंटेज आहे, आतलं काढून ब्लूटूथचा स्पीकर बसवला तर मंडळाला कामी येईल, म्हणाला. मी समोरच्या बाकरवडीकडे बघत बसले आणि तिचीही किळस आली, जिचा बाकरवडीशी काही संबंध नव्हता.

"आता तू," शिरीष कुजबुजला. "दोनच वाक्यं. मामी बघ किती शांत बसलीय."

"खोटं आहे ते."

"काय?"

"परभणी लागली नव्हती."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मांजराने उपास धरलाय. "तू? खोट्याबद्दल तू बोलणार? आपल्या लग्नात मांडव पडला होता?"

"झुकला होता."

"वर्षा, म्हातारी माणूस आहे ती. नवऱ्याची इच्छा पुरी झाली असं वाटतंय तिला. कशाला?"

हे मात्र लागलं. मामी पहिल्या रांगेत होत्या, निळा स्कार्फ, मांडीवर हात. जो येईल तो त्यांचा हात दाबून "परभणी, परभणी" म्हणत होता आणि त्या मान हलवत होत्या. मी उठले तेव्हा माझ्याकडे दोन्ही भाषणं तयार होती. एक तुम्हाला आवडणारं आणि एक त्यांच्यासाठी. पहिलं बोलले तर त्यांचा हा एवढासा आधार माझ्या हाताने काढून घेणार. दुसरं बोलले तर तुम्ही मला ज्या एका गोष्टीसाठी यंत्र मानलंत, तीच मोडणार. आणि दुसरं जास्त चांगलं वठलं असतं. त्यात ती बाई परभणीच्या बाजारातले भाव सांगत होती, असंही जिभेवर आलं होतं.

"परभणी लागली नव्हती," मी म्हटलं. "मी तिथे होते. एक आवाज आला. भाषा मला कळली नाही. मामा म्हणाले, नाही लागली. ते म्हणाले म्हणजे नाही लागली."

मग वळून मामींना जर्मनमध्ये तेच सांगितलं.

मामी ताठ झाल्या. "आबर दास हाब इश दोख गेझाग्ट!" त्या मोठ्याने म्हणाल्या. अरे, मी तेच तर सांगितलं होतं! "फास्ट! फास्ट!" आणि परागकडे बोट दाखवून हसायलाच लागल्या. त्यांना बिचारीला कळतच नव्हतं, की न लागलेल्या स्टेशनाबद्दल एवढी माणसं आपलं अभिनंदन का करतायत. भारतात असंच करत असतील म्हणून त्या मान डोलावत होत्या.

दुसरं कुणी हसलं नाही. पराग लालबुंद होऊन म्हणाला, "वहिनी, भावना समजून घ्या ना."

भावना! पुन्हा तीच शिसारी. मग त्याने मोबाइलवरून गाणं लावलं, धुतल्या काचेसारखं, एकही खरखर नसलेलं, आणि सगळ्यांना बरं वाटलं.

पराग, तू हे वाचशील तेव्हा एक लक्षात ठेव, मला तुझा राग नाही. राग आहे तो यातल्या सोपेपणाचा. मामा, तुम्ही इतक्या संध्याकाळी त्या थंड माळ्यावर बसून मिळवलंत काय, तर 'नाही' म्हणायचा हक्क. आणि तुम्ही निघून जायची खोटी, की आम्ही तो साखरेत बुडवला. मी तर त्या कामात घरातली सगळ्यांत जुनी आचारी. म्हणून माझीच मला जास्त किळस आली. आणि एक धन्यवाद राहिलाय, तोही रागातच घ्या: मी काय ऐकलं हे आयुष्यात एवढ्या गंभीरपणे मला दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही.

शिरीष खुर्च्या लावायला थांबला, माझ्याशी न बोलता. मी आणि मामी एस-बान लोकलच्या फलाटावर येऊन बसलो. उतारावरच्या घरांत दिवे लागायला लागले होते. मामींनी स्कार्फ नीट केला.

"मग काय ऐकलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी बघतच राहिले. क्राख बंद कर, क्राख कमी कर, एवढंच त्या बोलायच्या. काय ऐकतोस, हे मी तरी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"एक बाई बोलत होती."

"कोण बाई?" चटकन, मान वळवून.

"माहीत नाही, मामी."

"तरुण?"

"कळलं नाही."

"गात होती?"

"नाही. काहीतरी वाचत असावी. एकसुरात."

"आल्झो." असं होय. मामी जरा सैल झाल्या. "कामावरची बाई." मग म्हणाल्या, "वायटर." पुढे सांग.

गाडी आली, दारं उघडली, बंद झाली. पुढे काही नव्हतं, मामा. बाईचं संपलं होतं. तिच्याबद्दल याहून एक अक्षरही माझ्याकडे नव्हतं, आणि जिभेवर चार पानं होती. ती गिळली. मग तुमचं सांगायला लागले. आवाज वर आला तसा तुम्ही चष्मा काढून ठेवलात, जसा काही तो कानांच्या मध्ये येत होता. एक हात चौकटीवर आणि दुसरा माझ्या मनगटावर, मी हलू नये म्हणून. बोटं गार पडलेली. ती बुडाली की तुम्ही श्वास धरायचात आणि वर आली की सोडायचात. तिच्या मागोमाग तुमचे ओठ हलत होते, शब्द कळत नसताना. लहान मूल मोठ्यांची आरती म्हणतं तसे.

मामी ऐकत होत्या. मग त्याच म्हणाल्या, "आणि मग तोंड तसंच उघडं राहिलं. ती गेल्यावर."

"हो," मी म्हटलं. एवढं मी अजून सांगितलं नव्हतं. "उघडंच होतं."

"गेनाऊ," मामी म्हणाल्या. अगदी तस्संच.